नवा वेताळ सोडण्याआधी: ऑनलाइन फँटसी गेमचं अपडेट पडद्यामागे कसं घडतं

बुधवारी सकाळी गेम दोन-तीन तास बंद राहतो. उघडतो तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात एक नवी लेणी दिसते, आत एक नवा वेताळ असतो आणि त्याला मारलं की कधीमधी एक तलवार मिळते. चॅटमध्ये लगेच कोणीतरी लिहितं, ‘एवढ्यासाठी दोन महिने?’ हो, एवढ्यासाठीच. वेताळ काढणं, त्याला चालायला-ओरडायला लावणं यात त्यातला थोडाच वेळ गेला. उरलेला सगळा गेला तो हजारो लोकांच्या पोतडीत आधीपासून असलेल्या वस्तूंना धक्का न लावता ती एक तलवार जगात कशी सोडायची, यात.

चार-सहा जणांची टीम घेऊन ऑनलाइन गेम चालवणाऱ्यांसाठी किंवा तसा बेत असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सगळीकडे एकच उदाहरण धरू: नवी लेणी, आतला कातळवेताळ आणि त्याच्याकडून मिळणारी चंद्रहास तलवार. रोज पाच हजार लोक खेळतात असं समजू.

पायरी १: कागदावर हद्दी मारून घ्या

कोडला हात लावण्याआधी एक पानभर टिपण करा. काय नवीन येतंय हे सगळेच लिहितात. त्याखाली नवीन गोष्ट कोणत्या जुन्या गोष्टींना शिवते हेही लिहा. कातळवेताळ खेळाडूवर शाप टाकतो, दर सेकंदाला थोडं आयुष्य कमी होतं, असं ठरलंय. मग हा शाप कुठे कुठे संपतो? लेणीबाहेर पडल्यावर? मेल्यावर? लॉगआउट केल्यावर? पाळीव प्राण्याला लागला आणि प्राणी परत पिशवीत ठेवला तर?

शेवटचा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये १.७ या पॅचबरोबर (अपडेटबरोबर) झुल’गुरूब नावाचा नवा भाग आला. तिथला हक्कार हा बॉस, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा शत्रू, खेळाडूंच्या रक्तात विष सोडायचा आणि ते शेजारच्याला लागायचं. ते त्या लढाईपुरतं राहील असा हिशेब होता. पण शिकारी खेळाडूंचे प्राणी विष लागलेल्या अवस्थेत आत ठेवले गेले आणि भर शहरात पुन्हा बाहेर काढले गेले. प्राण्यासोबत विषही शहरात आलं. दुकानदार पात्रं मरत नसत, पण विष पसरवत मात्र राहिली. नवखे खेळाडू काही सेकंदांत आडवे, चौकात हाडांचे ढीग. शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले आणि प्राण्यांना ते विष लागणारच नाही अशी दुरुस्ती आली. पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनी या प्रकरणावर शोधनिबंध लिहिले, पण ज्यांनी ती रात्र जागून काढली असेल त्यांना त्याचं काय कौतुक!

याच जातीचे आणखी दोन. जून २००६ मध्ये रूनस्केपमध्ये एका खेळाडूच्या घरी मेजवानी होती. तिथल्या आखाड्यात एकमेकांवर वार करायला परवानगी होती. पाहुण्यांना घराबाहेर काढलं, पण काही जणांची वार करण्याची मुभा घरातच राहण्याऐवजी त्यांच्याबरोबर बाहेर आली. त्यांनी फालाडोर शहरात निःशस्त्र लोकांची कत्तल केली आणि समोरच्यांना उलट वारही करता येईना. त्याआधी ऑगस्ट १९९७ मध्ये, अल्टिमा ऑनलाइनच्या चाचणीच्या काळात, खुद्द निर्माता रिचर्ड गॅरियट यांचं राजाचं पात्र भाषण करता करता एका खेळाडूने आगीच्या मंत्राने मारलं. सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर राजाच्या अमरत्वाची खूण परत लावायची राहून गेली होती.

तिन्ही ठिकाणी एखादी अवस्था एक हद्द ओलांडून गेली आणि पलीकडे तिला कोणी विचारलं नाही. म्हणून टिपणात एक तक्ता आखा. उभ्या रकान्यात नव्या अवस्था (शाप, लढाईची मुभा, अमरत्व), आडव्यात हद्दी: नकाशा बदलणं, मरण, लॉगआउट, सर्व्हर रीस्टार्ट, प्राणी आत-बाहेर, पार्टी सोडणं. प्रत्येक चौकटीत ‘राहते’ किंवा ‘जाते’ असं लिहा. जी चौकट रिकामी राहील, बग बहुतेक तिथेच निघेल.

पायरी २: लूटचा आणि सोन्याचा हिशेब

तलवार किती वेळा मिळावी? डिझायनर सहज म्हणतो, पाचशेत एकदा. ऐकायला बरं वाटतं. पण पाचशे वेळा वेताळ मारूनही तलवार न मिळालेले लोक ३७ टक्के असतात, हजार वेळा मारूनही १३ टक्क्यांहून जास्त. दोन हजार वेळा मारणारे दहा हजार लोक धरले, तर साधारण १८० जण तरीही रिकाम्या हाताने फिरत असतात, आणि तुमचा इनबॉक्स तेच भरतात. गणितात काही चुकलेलं नसतं, पण त्या १८० जणांना हे पटवून कोण देणार? उपाय सोपा आहे. शंभर अपयशांनंतर शक्यता हळूहळू वाढवत न्या किंवा वेताळाचे तुकडे जमवून तलवार घडवायची दुसरी वाट ठेवा.

सोन्याचा हिशेब जास्त महत्त्वाचा. लेणीतला प्रत्येक राक्षस ४० मोहरा देतो, तासाला ६० राक्षस मारता येतात, खेळाडू रोज दोन तास तिथे घालवतो. पाच हजार खेळाडूंचं मिळून रोज २ कोटी ४० लाख मोहरा हवेतून तयार झाल्या. त्या कुठे जाणार? जायला वाट नसेल तर महिन्याभरात साध्या औषधाच्या बाटलीची किंमत दसपट होते आणि नवा खेळाडू काही विकतच घेऊ शकत नाही. हत्यारांची दुरुस्ती, प्रवासाचं भाडं, बाजारातली कटौती हे सगळं त्यासाठी असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या लिलावघरात विक्रीवर ५ टक्के कापले जातात. ओल्ड स्कूल रूनस्केपने (रूनस्केपच्या जुन्या रूपातल्या गेमने) डिसेंबर २०२१ मध्ये बाजारावर १ टक्का कर लावला आणि त्यातला काही पैसा खेळाडूंच्याच महागड्या वस्तू विकत घेऊन नष्ट करायला वापरला. वस्तूही साचतात हे लक्षात घेणारी ही कल्पना मला फार आवडते.

इथेच एक कायदेशीर बाब. गेममधलं सोनं खऱ्या रुपयांत परत काढून घेण्याची सोय देऊ नका. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आहे आणि तुमची साधी फँटसी गेम त्या वादात ओढली जायचं काही कारण नाही.

पायरी ३: बांधणी

तलवारीचा मार, वजन, किंमत, मिळण्याची शक्यता हे आकडे कोडमध्ये लिहू नका. ते वेगळ्या डेटा फाइलमध्ये ठेवा, म्हणजे रात्री अकरा वाजता एक आकडा बदलायला नवं बिल्ड, म्हणजे गेमची नव्याने तयार केलेली प्रत, लागणार नाही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, समजा चंद्रहासचा ४१०७. वस्तू गेममधून काढून टाकली तरी तो क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नका. तीन वर्षांनी कोणीतरी जुनं खातं उघडतो, त्याच्या पेटीत तेव्हाची दिवाळीची पणती असते, आणि तुमच्या कृपेने तिची चंद्रहास झालेली असते.

खेळाडूच्या फोनवरचा क्लायंट, म्हणजे गेमचं ॲप, फक्त ‘मी हे बटण दाबलं’ एवढंच सांगणार. वार लागला का, तलवार मिळाली का, हे सर्व्हर ठरवणार. क्लायंट ‘मला तलवार मिळाली’ असं सांगतोय आणि सर्व्हर मान डोलावतोय, अशी एकही जागा ठेवू नका. ती कोणालातरी सापडतेच.

शिवाय प्रत्येक नव्या गोष्टीला चालू-बंदचं बटण ठेवा: लेणीचा दरवाजा, वेताळ, तलवार मिळणं, तलवारीची खरेदी-विक्री, यांची चार वेगळी बटणं. ती सर्व्हर बंद न करता दाबता आली पाहिजेत.

आता देवाणघेवाण. ऑनलाइन गेमचं नाक इथेच कापलं जातं, म्हणून जरा थांबून बघू. अ ने ब ला तलवार दिली. सरळसोट कोड असा असतो: अ च्या पोतडीतून काढा, सेव्ह करा, ब च्या पोतडीत घाला, सेव्ह करा. दोन सेव्हच्या मध्ये सर्व्हर पडला तर तलवार गेली. उलटा क्रम ठेवला, म्हणजे आधी ब ला देऊन मग अ कडून काढली, तर तलवारी दोन झाल्या. खेळाडू याला ड्यूप म्हणतात आणि सर्व्हर मुद्दाम पाडायची युक्ती शोधून ते हे पुन्हा पुन्हा करतात.

यासाठी:

— काढणं आणि घालणं एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये. दोन्ही होतील किंवा एकही नाही.
— प्रत्येक मौल्यवान वस्तूला स्वतःचा अनुक्रमांक. चंद्रहास ही ‘४१०७, एक नग’ अशी नोंद नको, ‘४१०७, अनुक्रमांक अमुक, मालक अमुक’ अशी हवी. एक अनुक्रमांक दोन मालकांकडे असूच शकत नाही हा नियम डेटाबेसमध्येच घाला, कोडच्या भरवशावर सोडू नका.
— प्रत्येक व्यवहाराच्या विनंतीला क्रमांक. नेट अडकलं म्हणून खेळाडूने बटण दोनदा दाबलं तरी त्याच क्रमांकाचा व्यवहार एकदाच होतो.
— दोन पोतड्यांना कुलूप लावताना नेहमी लहान क्रमांकाच्या खात्यापासून सुरुवात. नाहीतर अ ब ची वाट बघतो, ब अ ची, आणि दोघेही लटकतात.
— वेगळी वही, जिच्यात फक्त भर पडते, खोडता काही येत नाही. कोणाकडून कोणाकडे काय, कधी. भांडण सोडवायला हीच उपयोगी पडते.

आकड्यांच्या मर्यादाही इथेच तपासा. ३२ बिटच्या चिन्हयुक्त (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या) आकड्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे जाता येत नाही. रूनस्केपमध्ये नाण्यांचा एक ढीग नेमका तिथेच थांबतो. मे २०१३ मध्ये डायब्लो ३ च्या १.०.८ या पॅचनंतर लिलावघरात आकडा असाच मर्यादेबाहेर गेला आणि काही खेळाडूंनी अफाट सोनं तयार करून घेतलं. कंपनीने लिलावघर बंद केलं, संपूर्ण गेम मागे न नेता व्यवहार तपासून खात्यांवर कारवाई केली. व्यवहारांची नोंद नसती तर हा मार्गच उरला नसता. पुढच्या वर्षी ते लिलावघर कायमचं उठलं, पण त्याची कारणं वेगळी होती.

डेटाबेसची रचना बदलायची असेल तर एका दमात बदलू नका. या अपडेटमध्ये नवा रकाना फक्त जोडा, पुढच्यात वापरायला लागा, त्यापुढच्यात जुना काढा. म्हणजे आज रात्री जुना सर्व्हर परत चालवावा लागला तरी तो नव्या डेटाबेसवर चालतो.

मराठी नावांचा वेगळा उपद्रव

गेममध्ये देवनागरी नावं द्यायची असतील तर हे वाचा, नसतील तर पुढे जा. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव आपण चार अक्षरांत मोजतो. युनिकोड या कॉम्प्युटरच्या अक्षरयादीत ते ११ चिन्हांचं आहे आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३३ बाइटचं. नावासाठी २४ बाइटच ठेवले असतील आणि कोणी तपासत नसेल, तर डोक्यावर ‘ज्ञानेश्’ झळकतं. मर्यादा अक्षरसमूहांवर लावा आणि डेटाबेसमध्ये जागा सढळ ठेवा.

दुसऱ्याच्या नावासारखं हुबेहूब नाव घेऊन फसवणारे असतात, म्हणून नावातली अदृश्य चिन्हं गाळायची पद्धत आहे. पण काही कीबोर्डवर ‘दऱ्या’ मधला अर्धा र साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तयार होतो. ते चिन्ह गाळलं की ‘दऱ्यांचे राजे’ हा गट ‘दर्यांचे राजे’ होतो. डोंगरातली माणसं समुद्रावर जाऊन पोचतात. गाळण्याआधी ती जोडी ऱ आणि हलन्त अशी बदलून घ्या. अक्षरं पडद्यावर नीट उमटतात का हेही बघा. युनिटी या गेम-इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात देवनागरी थेट टाकली की पहिली वेलांटी व्यंजनानंतर येते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनमध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ आतच असल्याने हा त्रास नाही.

पायरी ४: चाचणी

घरची टीम गेम जसा खेळायला हवा तसा खेळते, म्हणून तिला बग सापडत नाहीत. अल्टिमा ऑनलाइनमध्ये गवत, ससे, लांडगे यांची आख्खी अन्नसाखळी बांधली होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारला आणि साखळीचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यामुळे आठवडाभर वेगळा टेस्ट सर्व्हर खुला ठेवा आणि मोडून दाखवणाऱ्याला गेममध्ये बक्षीस द्या. त्या सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसची प्रत वापरायची तर ईमेल, फोन, पेमेंटचे तपशील आधी पुसा.

गर्दीची चाचणी बॉट (आपोआप खेळणारी खोटी पात्रं) लावून करा. सर्व्हर जग एका ठेक्यावर पुढे नेतो, त्याला टिक म्हणतात. रूनस्केपचा टिक ०.६ सेकंदांचा आहे. तुमचा सेकंदाला दहा असेल तर प्रत्येक टिकला १०० मिलिसेकंद मिळतात आणि सगळ्यांच्या हालचाली, वार, शाप त्यातच उरकायचे. एका चौकातल्या २०० जणांना एकमेकांची हालचाल कळवायची तर दर टिकला ४० हजार निरोप. दोन हजार जमले की ४० लाख. खेळाडू दहापट, काम शंभरपट. जवळच्यांची माहिती प्रत्येक टिकला आणि लांबच्यांची पाचव्या-दहाव्या टिकला पाठवणं हा नेहमीचा उपाय. नव्या लेणीच्या दारात पहिल्या दिवशी सगळे एकदम येणार, म्हणून तिच्या पाच-सहा प्रती चालवून लोक वाटून द्या.

अधूनमधून चित्रांकडेही बघा. फायनल फँटसी १४ ची २०१० ची पहिली आवृत्ती फसली. नंतर सूत्रं हाती घेतलेल्या नाओकी योशिदा यांनी सांगितलेलं एक कारण प्रसिद्ध आहे: त्या जगातल्या फुलाच्या कुंडीवर खेळाडूच्या पात्राइतकेच बहुभुज (आकृती ज्यांनी घडते ते छोटे सपाट तुकडे) खर्च झाले होते. तो गेम नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद करून ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला गेला. तुमच्याकडे तेवढा पैसा नाही, तेव्हा कुंड्या आत्ताच मोजा.

पायरी ५: सोडण्याचा दिवस

शुक्रवार नाही, सणाच्या आदला दिवस तर नाहीच. मोठे गेम मंगळवार-बुधवार उगीच धरत नाहीत. काही बिघडलं तर पुढे दोन-तीन दिवस सगळी टीम जागेवर असते.

बॅकअप घेतला यावर समाधान मानू नका. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून, गेम चालू करून, एका खात्यात शिरून पोतडी उघडून बघा. चांगल्या बॅकअपची किंमत रूनस्केपला विचारा: खेळाडूंना जुना गेम हवा होता, कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची प्रत निघाली, आणि २०१३ मध्ये तिच्यावर ओल्ड स्कूल रूनस्केप उभा राहिला.

क्रम असा ठेवा. तासभर आधी गेममध्ये सूचना. मग नवे लॉगिन बंद, चालू लढाया संपू द्या, सगळ्यांना सेव्ह करून बाहेर काढा. बॅकअप. डेटाबेसमधला बदल. नवा सर्व्हर. क्लायंटचं नवं बिल्ड स्टोअरकडून आधीच मंजूर करून ठेवलेलं हवं, आणि जुना क्लायंट आला तर सर्व्हरने त्याला नम्रपणे अपडेट करायला सांगावं. कॉम्प्युटरवरच्या गेमचा पॅचर स्वतःच्या फोल्डरबाहेर काही पुसत नाही ना, हेही तपासा. डिसेंबर २००७ मध्ये ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या गेमच्या अपडेटने काही खेळाडूंच्या विंडोज सुरू व्हायला लागणारी बूट.आयएनआय फाइल उडवली आणि कॉम्प्युटर चालू होईनात.

दार उघडण्याआधी टीमने दोन खात्यांतून ठरलेली फेरी मारायची: लॉगिन, जुनी पोतडी, बाजारात एक विक्री, एक देवाणघेवाण, लेणीत जाऊन शाप घेऊन बाहेर, प्राणी आत-बाहेर, लॉगआउट, पुन्हा लॉगिन. मग लेणी बंद ठेवूनच गेम उघडा. अर्धा तास सगळं शांत दिसलं की लेणीचं बटण. रांग लागली तर लागू दे, पण रांगेतला आपला क्रमांक दिसला पाहिजे आणि नेट क्षणभर गेलं म्हणून माणूस मागे ढकलला जाता कामा नये. डिसेंबर २०२१ मध्ये फायनल फँटसी १४ ला इतकी गर्दी झाली की त्यांनी काही काळ गेमची विक्रीच थांबवली.

पायरी ६: पहिले काही तास आणि पुढचे दिवस

चॅटवर नजर असू द्या, पण निर्णय आलेखांवर घ्या. मी चार आलेख समोर ठेवतो: दर मिनिटाला तयार होणारं सोनं, तयार होणाऱ्या चंद्रहास तलवारी, एका टिकला लागणारा वेळ, तुटणारी लॉगिन. तलवारींचा आकडा मारलेल्या वेताळांच्या पाचशेव्या भागाच्या आसपास असायला हवा. तो अचानक चढला की कारण शोधत बसू नका. आधी तलवारीची खरेदी-विक्री बंद करा, मग तलवार मिळणं बंद करा, मग शोधा. ड्यूप झालेली वस्तू एका खात्यात असते तोवर ती उचलून घेता येते. बाजारातून शंभर निरपराध लोकांकडे गेली की कोणालाही हात लावा, अन्याय होतोच.

संपूर्ण रोलबॅक, म्हणजे सगळं जग सकाळच्या बॅकअपवर नेणं, हे पहिल्या एक-दोन तासांत परवडतं. तोवर कोणी फारसं काही कमावलेलं नसतं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी सहा महिने वाट बघितलेली वस्तू मिळवलेली असते, कोणी रुपये देऊन काही घेतलेलं असतं. ते परत घेणं म्हणजे माणसं घालवणं. रोलबॅक किती वाजेपर्यंत करायचा आणि तो निर्णय कोण घेणार, हे आदल्या दिवशीच कागदावर लिहा. संकटाच्या वेळी पाच जणांची पाच मतं पडतात.

नर्फ करताना, म्हणजे एखाद्या गोष्टीची ताकद कमी करताना, कारण आणि आकडा दोन्ही सांगा. ‘तलवारीत किरकोळ सुधारणा’ असं लिहून मार १२० वरून ९५ केलात तर खेळाडू तासाभरात मोजून काढतात आणि पुढच्या खऱ्या किरकोळ सुधारणेवरही विश्वास ठेवत नाहीत. ओल्ड स्कूल रूनस्केपने तर नवी गोष्ट आणण्याआधी खेळाडूंचं मत घेण्याची पद्धत पाडली. अनेक वर्षं ७५ टक्के होकाराशिवाय ती गोष्ट येत नसे. छोट्या टीमला प्रत्येक वेळी हे झेपणार नाही, पण लोकांच्या हातातल्या वस्तूची किंमत घटवणारा बदल असेल तर आठवडाभर आधी जाहीर करा.

दोन-तीन आठवड्यांनी लेणी स्थिरावली की दरवाजाचं आणि वेताळाचं बटण कोडमधून काढून टाका; जुनी बटणं साचली की कोणतं काय करतं हे कोणालाच आठवत नाही. तलवारीच्या खरेदी-विक्रीचं बटण मात्र राहू द्या.